श्वानांतील चॉकलेट विषबाधा

कोकोयुक्त पदार्थ खाल्ल्याने कुत्र्यांना होणारी विषबाधा. कोकोच्या बियांतील थिओब्रोमिन आणि काही अंशी कॅफीन ही तिची कारणे होत. कुत्र्याच्या शरीरात थिओब्रोमिनचे विघटन माणसाच्या तुलनेत फार सावकाश होते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे १७.५ तास लागतात आणि तोवर हृदय व मज्जासंस्था उत्तेजित राहतात.

दर किलो वजनामागे सुमारे २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटात गेल्यास सौम्य लक्षणे दिसतात, ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात, तर ६० मिलिग्रॅमच्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २, तर गडद चॉकलेटमध्ये ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक थिओब्रोमिन असते. सोलापूर परिसरात पाळल्या जाणाऱ्या २५ किलोच्या कारवानी कुत्र्याला २० ग्रॅम गडद चॉकलेटने सहसा फारसे काही होत नाही. तेवढ्याच तुकड्याने फ्लॅटमधल्या ५ किलोच्या पॉमेरेनियनला मात्र त्रास सुरू होऊ शकतो. सर्वांत घातक कोको पावडर, कारण तिच्यात हे द्रव्य गडद चॉकलेटच्याही कित्येक पट असते. म्हणून घरी केक करताना उघडा राहिलेला डबा चॉकलेटच्या वडीपेक्षा अधिक धोक्याचा मानावा. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नगण्य असले, तरी त्यातील चरबीमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. वाढदिवसानंतर चौकात टाकलेला चॉकलेट केक भटक्या कुत्र्यांच्या पोटात जातो, आणि त्यांना दवाखान्यात नेणारे सहसा कोणीच नसते, हे विशेष खेदाचे आहे.

साधारणतः ६ ते १२ तासांत उलटी, जुलाब, अति तहान, अस्वस्थता व धाप दिसते; पुढे स्नायू थरथरतात आणि ताप चढतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांपलीकडे जात असल्याने, आधीच तापलेले शरीर थंड ठेवणे तेव्हा अधिकच कठीण होते.

या विषावर उतारा नाही. लक्षणांची वाट न पाहता, चॉकलेटचे वेष्टन सोबत घेऊन कुत्र्याला लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. पशुवैद्यक औषधाने उलटी करवतात, सक्रिय कोळसा पुन्हा पुन्हा देतात, सलाइन लावतात आणि हृदयगती व झटके आवरणारी औषधे योजतात. थिओब्रोमिन मूत्राशयातूनही परत रक्तात शोषले जात असल्याने कुत्र्याला वारंवार लघवीला नेणे किंवा नळी घालून मूत्राशय रिकामे ठेवणे हाही उपचाराचाच भाग असतो.