स्कर्व्ही: हाती लागून निसटलेला उपाय

१७४० मध्ये ब्रिटिश आरमारी अधिकारी जॉर्ज अ‍ॅन्सन सुमारे १,९०० माणसे घेऊन इंग्लंडहून निघाला. चार वर्षांत त्यातली सुमारे १,४०० दगावली. शत्रूच्या हातून मेलेले बोटांवर मोजण्याइतके होते, बाकी बहुतेक स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, गेले. एका म्हाताऱ्या खलाशाची १६९० च्या बॉयनच्या लढाईतली जखम पन्नास वर्षांनी पुन्हा उघडल्याचीही नोंद आहे.

ही अतिशयोक्ती वाटते, पण नाही. व्रणातले कोलॅजेन शरीर सतत मोडत आणि नव्याने बांधत असते. हे प्रथिन घट्ट विणले जाण्यासाठी त्यातल्या प्रोलीन व लायसिन या घटकांवर प्रक्रिया करणारी विकरे (एन्झाइम) लागतात, आणि त्या विकरांमधले लोह कार्यक्षम ठेवण्याचे काम क जीवनसत्त्व करते. ते संपले की मोडणे चालू राहते, बांधणी ढिली पडते. केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके, सुजून रक्ताळणाऱ्या हिरड्या, हलणारे दात, उघडणारे जुने व्रण, या सगळ्याचे मूळ हेच.

२० मे १७४७ रोजी सॉल्सबरी जहाजावर तिथला डॉक्टर जेम्स लिंड याने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांचे एकच. त्यावर सायडर, आम्लाचे थेंब, व्हिनेगर, समुद्राचे पाणी, लसूण-मोहरीचे चाटण, असे एकेका जोडीला एकेक. सहावीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळे सहा दिवसांत संपली, तरी तेवढ्यात त्यातला एक कामावर परतला. इथे प्रश्न सुटायला हवा होता. पण रस टिकावा म्हणून लिंडनेच तो तासन्‌तास तापवून आटवायला सुचवले, आणि त्या उष्णतेत औषधच नष्ट होत होते.

ब्रिटिश आरमारात रोज पाऊण औंस लिंबूरस सुरू झाला तो १७९५ मध्ये. रोग जवळपास हटला. पुढे १८६० च्या दशकात भूमध्य समुद्राकाठच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजचे लाइम घेतले गेले. मराठीत दोन्ही लिंबूच, आणि तेव्हाच्या इंग्रजीतही नावांची सरमिसळ होती. लाइमचा गुण जेमतेम चौथा हिस्सा, त्यात साठवणीत आणखी घट. वाफेच्या जहाजांनी प्रवास आखूड केल्यामुळे हे कुणाच्या लक्षात आले नाही. १८७५ च्या नेअर्स मोहिमेत, उत्तर ध्रुवाकडे, लाइमचा रस असूनही माणसे आजारी पडली आणि मग लिंबावरचाच विश्वास उडाला. दोष खराब डबाबंद मांसाला दिला गेला.

सुटका झाली ती नशिबाने. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्र्योलिक या संशोधकांनी नॉर्वेत बेरीबेरी या आहारातल्या उणिवेने होणाऱ्या दुसऱ्या रोगाच्या अभ्यासासाठी गिनीपिग निवडले, आणि त्यांच्यात दिसली ती स्कर्व्ही. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. माणसासारखाच गिनीपिगला ते जमत नाही. उंदीर घेतले असते तर काहीच दिसले नसते. याच प्राण्यांवर १९१८ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत लेमन-लाइममधला फरक मोजला गेला. १९२८ मध्ये हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गीने वेगळे केलेले आम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये स्पष्ट झाले.

हे जीवनसत्त्व किती पुरते, हे इंग्लंडमधल्या शेफील्डला १९४४ पासून २० स्वयंसेवकांवर तपासले गेले. ज्यांना ते मुळीच दिले नाही, त्यांच्यात काही महिन्यांनी लक्षणे उमटली. रोज १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये ती दिसली नाहीत. ताज्या संत्र्याच्या चार चमचे रसात एवढे सहज मिळते.