क्लॉडिओ रानिएरी : मोसमाच्या मध्यावर येणारा माणूस

जून 2025 मध्ये इटलीच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचं प्रशिक्षकपद क्लॉडिओ रानिएरी यांच्यापुढे आलं आणि त्यांनी ते नाकारलं. वय 73. आठवडाभर इटलीत चर्चा चालली, मग ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आपल्याकडे इंग्लिश लीग बघणाऱ्यांना रानिएरी म्हटलं की 2016 चं लेस्टर सिटी आठवतं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्यांनी लीग जिंकून दिलेला क्लब. तो भाग इथे पुन्हा सांगत बसत नाही. पण त्यांची सगळी कारकीर्द एकत्र मांडली की ते जेतेपदच अपवाद ठरतं. नेहमीचं चित्र असं : आधीच्या प्रशिक्षकाची उचलबांगडी झालेली, संघ घसरणीला लागलेला, तेव्हा रानिएरी येतात, संघ सावरतात आणि बरेचदा स्वतःच नारळ घेऊन जातात.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. रोमच्या तेस्ताच्चो भागातला खाटकाचा मुलगा. बचावपटू म्हणून कारकीर्दीचा मोठा भाग कातान्झारोत गेला, शहरातल्याच रोमा क्लबच्या मुख्य संघाकडून मोजकेच सामने. 1986 मध्ये दक्षिण इटलीतल्या एका छोट्या क्लबपासून प्रशिक्षकपदाला आरंभ. नाव झालं ते सार्डिनिया बेटावरच्या काल्यारीत. तिसऱ्या श्रेणीतला हा संघ त्यांनी लागोपाठ दोन मोसमांत, 1989 आणि 1990 मध्ये, वरच्या श्रेणीत नेला. मग मॅराडोनानंतरचं नापोली : पहिल्या मोसमात चौथा क्रमांक, दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीलाच हकालपट्टी. फिओरेन्तिनाला दुसऱ्या श्रेणीतून वर आणून 1996 मध्ये इटालियन कप जिंकून दिला. व्हॅलेन्सियाबरोबर 1999 चा स्पॅनिश कप. तिथून ते अ‍ॅटलेटिको माद्रिदला गेले. त्या क्लबवर कोर्टाने प्रशासक बसवला, संघ खाली सरकत गेला आणि मोसम संपण्याआधीच रानिएरींनी राजीनामा दिला.

चेल्सीची चार वर्षं मात्र जरा थांबून पाहण्यासारखी आहेत. 2000 च्या सप्टेंबरात ते आले तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. संघात सतत अदलाबदल करण्याच्या सवयीवरून तिथल्या पत्रकारांनी त्यांना ‘टिंकरमॅन’, म्हणजे सतत खाटखूट करत बसणारा, म्हणायला सुरुवात केली. 2003 मध्ये शेवटच्या सामन्यात लिव्हरपूलला 2-1 हरवून त्यांनी क्लबला चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, नेलं आणि काही आठवड्यांतच रशियन मालक आला. पुढचा संपूर्ण मोसम नव्या मालकाला दुसराच कुणीतरी हवा आहे, हे उघड दिसत असताना त्यांनी काढला. लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला, तोही अख्ख्या मोसमात न हरलेल्या आर्सेनलच्या मागे. त्याच आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर हरवून चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत धडक मारली. तिथे मोनॅकोत 1-1 बरोबरी असताना यजमानांचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. रानिएरींनी बचावपटू काढून स्ट्रायकर उतरवला, मग मिडफिल्डर काढून बचावपटू. संघाची घडी विस्कटली आणि दहा जणांच्या मोनॅकोने सामना 3-1 असा जिंकला. मेअखेरीस त्यांना निरोप मिळाला. जागेवर आलेला पोर्तुगीज प्रशिक्षक पहिल्याच मोसमात लीग जिंकला, त्याचा पाया कुणी घातला हे चेल्सीवाले अजूनही अडखळतच कबूल करतात.

नंतरची दहा वर्षं म्हणजे नुसती ये-जा. व्हॅलेन्सियात पुन्हा गेले आणि आठ महिन्यांत बाहेर पडले. 2007 च्या फेब्रुवारीत बुडत्या पार्मात गेले आणि संघ बाराव्या स्थानावर नेऊन ठेवला. युव्हेन्टसला तिसरा क्रमांक मिळवून दिला, पुढच्या मोसमात लीगचे दोन सामने शिल्लक असताना तिथूनही काढले गेले. मग मोसम सुरू झाल्यावर रोमाकडे. 18 एप्रिल 2010 रोजी रोममधल्याच लॅझिओ क्लबविरुद्धच्या डर्बीत, म्हणजे शहरातल्या दोन संघांच्या लढतीत, संघ 0-1 मागे. मध्यंतराला रानिएरींनी टोट्टी आणि डे रॉसी दोघांनाही बसवलं. दोघंही रोममध्ये जन्मलेले, एक कर्णधार, दुसरा त्याचा वारस. हरले असते तर रानिएरींना शहरात राहणं अवघड झालं असतं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला लॅझिओची पेनल्टी अडवली गेली, रोमाच्या वुचिनिचने दोन गोल केले आणि रोमा 2-1 जिंकली. पण पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर साम्पदोरियाकडून हार झाली आणि लीग इंटरने दोन गुणांनी नेली. इंटरमध्येही ते सहा महिने टिकले. मोनॅकोला दुसऱ्या श्रेणीतून वर आणून पहिल्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं, तरी जावं लागलं. ग्रीसच्या राष्ट्रीय संघाबरोबर चार सामने, एक गुण, आणि नोव्हेंबर 2014 मध्ये घरच्या मैदानावर फॅरो बेटांकडून पराभव. त्यामुळे जुलै 2015 मध्ये लेस्टरने त्यांना नेमलं तेव्हा क्लबच्याच एका माजी स्ट्रायकरने जाहीरपणे नाक मुरडलं, यात नवल नव्हतं.

मे 2016 च्या जेतेपदावर वाद नाही. वाद आहे तो 23 फेब्रुवारी 2017 च्या निर्णयावर. विजेतेपदानंतर नऊ महिन्यांत मालकांनी त्यांना काढलं आणि इंग्लंडभर गहिवर दाटून आला.

त्या वेळची नोंद अशी. ऑगस्ट 2016 मध्ये चार वर्षांचा नवा करार. 9 जानेवारी 2017 रोजी झुरिकमध्ये जगातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार. 7 फेब्रुवारीला क्लबचं निवेदन : प्रशिक्षकावर आमचा पूर्ण विश्वास आहे. फुटबॉलमध्ये असं निवेदन निघालं की जाणकार बॅग भरायला सांगतात. अकरा दिवसांनी तिसऱ्या श्रेणीतल्या मिलवॉलकडून कपमध्ये पराभव, तोही प्रतिस्पर्धी दहा जणांवर आलेला असताना. 22 तारखेला सेव्हियात चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीचा पहिला सामना 1-2 असा गेला, पण प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचा गोल हाताशी असल्याने (एकूण बरोबरी झाली तर तेव्हा असा गोल निर्णायक ठरे) परतीच्या लढतीला जीव होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हकालपट्टी.

टीका करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं : ज्यानं अशक्य ते करून दाखवलं त्याला मोसम तरी पुरा करू द्यायचा. मँचेस्टरमधला एक प्रशिक्षक पत्रकार परिषदेत छातीवर ‘सी. आर.’ अशी आद्याक्षरं लावून बसला. हा तोच पोर्तुगीज, ज्यानं 2004 मध्ये रानिएरींची जागा घेतली होती. डिसेंबर 2015 मध्ये तो स्वतः विजेत्या चेल्सीतून काढला गेला, तेव्हा त्याचा शेवटचा पराभव रानिएरींच्या लेस्टरकडून झाला होता.

मालकांची बाजू तेव्हा कुणी फारशी ऐकली नाही, म्हणून ती इथे जरा सविस्तर. 25 सामन्यांत 21 गुण, सतरावं स्थान, खालच्या श्रेणीत जाणाऱ्या शेवटच्या तीन संघांपासून एका गुणाचं अंतर. 2017 उजाडल्यापासून लीगमध्ये एकही गोल नाही. इंग्लंडमध्ये गतविजेता संघ खालच्या श्रेणीत गेल्याचं उदाहरण एकच, 1938 मधलं मँचेस्टर सिटीचं. लेस्टर त्या वाटेवर होतं. जेतेपदाच्या मोसमातला मिडफिल्डर कान्ते चेल्सीला गेला होता आणि त्याच्या जागी आणलेल्यांपैकी कुणीच ती पोकळी भरून काढू शकला नाही. आदल्या वर्षी जवळपास तेच अकरा खेळाडू, तीच 4-4-2 रचना (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) ठेवून जिंकलेले रानिएरी आता पुन्हा रचना बदलायला लागले होते. म्हणजे चेल्सीचे रानिएरी परत आले होते. हेच मालक भावनेत वाहून जाणारे नव्हते हेही विसरायला नको. 2015 मध्ये शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून क्लब वाचवणाऱ्या प्रशिक्षकालाही त्यांनी महिनाभरातच काढलं होतं. त्याला काढलं म्हणून तर रानिएरी आले.

आणि मग निकाल. सहाय्यक प्रशिक्षकाकडे सूत्रं गेली आणि चार दिवसांनी लिव्हरपूलवर 3-1 विजय. लीगचे पहिले पाचही सामने जिंकले, सेव्हियाला घरी 2-0 हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, मोसम बाराव्या स्थानावर संपला. खेळाडूंनीच प्रशिक्षकाचा काटा काढला असं तेव्हा बोललं गेलं, खेळाडूंनी ते साफ नाकारलं. एक मात्र खरं की त्याच पायांना चार दिवसांत अचानक पळता यायला लागलं, आणि त्याचा दोष मालकांच्या माथी मारता येत नाही. सेव्हियाचा परतीचा सामना होऊ द्यायला हवा होता, एवढी टीका मान्य. बाकी आकडे मालकांच्याच बाजूने बोलतात. आणि बाकीची कारकीर्द पाहिली तर रानिएरींसाठी मोसमाच्या मध्येच निघावं लागणं हा धक्का कमी आणि वहिवाट जास्त होती.

त्यानंतर इंग्लंडमध्ये त्यांचं काही जमलं नाही. फुलहॅम आणि वॉटफर्ड या दोन्ही संघांनी त्यांना मोसमाच्या मध्येच बोलावलं, काही महिन्यांत काढलं, आणि दोन्ही संघ अखेर खाली गेलेच. तेव्हा ‘संकटमोचक’ ही पदवीही जपून वापरायला हवी. इटलीत मात्र ती लागू पडते. 2019 मध्ये तळाच्या साम्पदोरियाला त्यांनी वाचवलं. 2023 च्या जानेवारीत बत्तीस वर्षांनी काल्यारीत परतले तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत मधल्या फळीत अडकला होता. जूनमध्ये बारीतल्या प्ले-ऑफ अंतिम लढतीत यजमानांना बरोबरी पुरेशी होती. 94व्या मिनिटाला राखीव खेळाडूतून आलेल्या पाव्होलेत्तीने गोल केला, आणि रडत उभे असलेले रानिएरी आपल्याच पाठीराख्यांना बारीची खिल्ली उडवू नका म्हणून खुणावत होते. पुढच्या वर्षी पराभवांची रांग लागल्यावर त्यांनी राजीनामा देऊ केला, खेळाडूंनी थांबवलं. संघ श्रेणीत टिकला आणि मे 2024 मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

ती सहा महिने टिकली. नोव्हेंबरात रोमाने मोसमातला तिसरा प्रशिक्षक म्हणून त्यांना गाठलं. संघ बारा सामन्यांत 13 गुणांवर, बारावा. पाठीराखे मालकांवर खवळलेले. पहिले दोन लीग सामने हरले, डिसेंबरात कोमोकडूनही हरले. मग 19 लीग सामने अपराजित. शेवटी 69 गुण, पाचवं स्थान, चॅम्पियन्स लीग एका गुणाने हुकली. मोसम संपताच थांबायचं आणि पुढे क्लबचं सल्लागारपद घ्यायचं, हे आधीच ठरलं होतं. राष्ट्रीय संघाचा निरोप आला तो नेमका त्यानंतर. रोमाला दिलेला शब्द पुढे करून त्यांनी नकार कळवला, आणि इटलीच्या महासंघाला दुसरा प्रशिक्षक शोधावा लागला.