भाषण अध्यक्षांचं, मसुदा कुणाचा?

सोलापूरकराला ‘अध्यक्षीय भाषण’ म्हटलं की आधी साहित्य संमेलन आठवतं. १९४१ साली वि. स. खांडेकर इथल्या संमेलनाचे अध्यक्ष होते, २००६ साली सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली. लेखक अध्यक्ष झाला की भाषणही तोच लिहिणार, हे आपण धरूनच चालतो. देशाच्या प्रमुखाच्या भाषणाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती बरीच जुनी आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या निरोपाच्या संदेशाचा पहिला मसुदा १७९२ मध्ये जेम्स मॅडिसन यांनी केला, १७९६ मध्ये तो अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी नव्याने लिहिला. गंमत अशी की हे ‘भाषण’ कुणी ऐकलंच नाही. ते थेट वर्तमानपत्रात छापून आलं. हॅमिल्टन गेल्यावर त्यांच्या पत्नीने हे लेखन त्यांचंच असल्याचं आग्रहाने नोंदवून ठेवलं. त्या बाईंचा हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. या कामासाठी व्हाइट हाउसमध्ये पगारी माणूस आला तो १९२१ मध्ये, अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांच्या काळात: जडसन वेलिव्हर.

मालकीचा प्रश्न अमेरिकेने सोपा करून टाकला. अध्यक्षांनी पदावर असताना कामाचा भाग म्हणून केलेल्या भाषणावर तिथे स्वामित्वहक्कच (कॉपीराइटच) नाही. कुणीही ते छापावं.

आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद ८७ नुसार राष्ट्रपती संसदेत अभिभाषण करतात. मजकूर सरकार तयार करतं, मंत्रिमंडळ मंजूर करतं, राष्ट्रपती ‘माझे सरकार’ म्हणत वाचतात. राज्यपालांचंही तसंच. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या राज्यपालांनी काही भाग गाळून वाचलं, तेव्हा सरकारने मंजूर केलेलं छापील भाषणच कामकाजात नोंदवावं, असा ठराव विधानसभेने केला.

हक्काचं काय? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८३ मध्ये भर पडली: जाहीर भाषणाचा पहिला मालक ते करणारा, किंवा ज्याच्या वतीने ते केलं तो. अभिभाषण सरकारच्या वतीने होतं, म्हणून हक्क सरकारचा, असा मी याचा अर्थ लावतो. सरकारी लेखनावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. आपल्याच पैशातून तयार झालेले हे शब्द अमेरिकेसारखे खुले असावेत, असं मला मनापासून वाटतं. रात्र जागून मसुदा करणाऱ्याला मात्र त्या कलमात जागाच नाही.