मोबाइलवरचं ब्रेल: लिहिणं वेगळं, वाचणं वेगळं

अंधशाळेला मदत करू पाहणारी माणसं हल्ली हमखास विचारतात, ‘मोबाइलमध्ये ब्रेल असतं ना? मग ती जाडजूड पुस्तकं आणि महागडी यंत्रं कशाला?’ हेतू चांगला असतो, पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मोबाइलमध्ये असतो तो ब्रेल कीबोर्ड. बोटाखाली ठिपके उमटवणारं यंत्र निराळं, त्याला ब्रेल डिस्प्ले म्हणतात. कीबोर्डवर लिहिता येतं, वाचता येत नाही.

कीबोर्ड फुकट मिळतो. आयफोनवर तो 2014 पासून आहे, तर अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) 2020 साली आला, सुरुवातीला इंग्रजीसाठी. फोन आडवा धरायचा, स्क्रीन आपल्यापासून पलीकडे. ब्रेलचं एक घर म्हणजे सहा ठिपक्यांची जागा: डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6; त्यातले कोणते उठवले यावरून अक्षर ठरतं. डाव्या हाताची तीन बोटं म्हणजे ठिपके 1, 2, 3 आणि उजव्या हाताची 4, 5, 6. ‘काम’ लिहायचं तर आधी 1-3 एकदम दाबायचे, मग काना म्हणून 3-4-5, मग 1-3-4. काय उमटलं ते फोन बोलून दाखवतो.

शिकणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे. ब्रेल पाटीवर कागद मागून टोचावा लागतो, त्यामुळे उजवीकडून डावीकडे आणि उलटं लिहावं लागतं. इ (2-4) आणि ए (1-5) तर एकमेकांची आरशातली रूपं, त्यामुळे नवख्या मुलाची हमखास गडबड होते. त्यात चूक कळते ती कागद काढून पालथा केल्यावर. फोनवर ती तिथल्या तिथे कळते आणि कागदही वाया जात नाही.

पण काच सपाट असते. कानाच्या भरवशावर भराभर टाइप करणारं मूल कागदावरचं क आणि ल ओळखेलच असं नाही. क म्हणजे 1-3, ल म्हणजे 1-2-3. फरक फक्त मधल्या एका ठिपक्याचा. त्याची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि शेजारच्या ठिपक्यापासूनचं अंतर अडीच मिलिमीटर. ही जाण बोटाला रोजच्या सरावानेच येते. स्क्रीनचे सहा भाग करून, ठिपका असेल तिथे फोन थरथरवण्याचे प्रयोग वॉशिंग्टन विद्यापीठात झाले आहेत. कल्पना सुंदर आहे, पण त्यात एकेक ठिपका शोधत अक्षर जुळवावं लागतं. ओळीवरून सरसर बोट फिरवण्याचा सराव त्यातून होत नाही.

नुसतं ऐकून भागत नाही, याचं मराठीतलं कारण तर अगदी साधं आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ फोनच्या आवाजात जवळजवळ सारखेच ऐकू येतात. बोटाखाली मात्र पहिल्यात 2-4 लागतात आणि दुसऱ्यात 3-5. वाचलंच नाही तर शुद्धलेखन येणार कुठून?

डिस्प्लेवर बारीक पिना वर-खाली होतात आणि ओळ बदलते. तो ब्लूटूथने फोनला जोडला की पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचता येतो. पण प्रत्येक घराला पिनांचा स्वतंत्र संच लागत असल्याने किंमत चढते. ऑर्बिट रीडर 20 सारख्या यंत्राने ती बरीच खाली आणली, तरी आपल्या खेड्यातल्या शाळेला तेवढे पैसेही जड जातात. शिवाय त्यावर एका वेळी एकच ओळ मिळते, तीही 20 घरांची. उभी मांडणी लागणारं गणित किंवा भूमितीची आकृती त्यात बसत नाही, त्यासाठी कागदच हवा.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की, पैसे मोजके असतील तर लहान मुलांना आधी ब्रेल पुस्तकं आणि पाटी द्या, जोडीला लिहिण्याच्या सरावासाठी फोन. डिस्प्ले एखादाच घ्या आणि तो ज्यांचं वाचन बसलं आहे अशा मोठ्या मुलांमध्ये फिरू द्या. फोन देऊन पुस्तकं बंद करणं मात्र मुलांवर अन्याय आहे.

स्वस्तातला फोन घेण्याआधी दुकानातच एक गोष्ट तपासा. काही स्क्रीन एका वेळी सहा बोटांचा स्पर्श ओळखत नाहीत. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, ‘ढ’ला सहाही ठिपके लागतात. टॉकबॅक सुरू करा, ब्रेल कीबोर्ड उघडा आणि सहाही बोटं एकदम टेकवा. सहाही स्पर्श नोंदले गेले नाहीत तर तो फोन या कामाचा नाही.