अंगठा चोखण्याची सवय आणि ती सोडवणे

भूक किंवा तहान यांच्याशी संबंध नसताना हाताचा अंगठा किंवा बोट तोंडात धरून चोखत राहण्याच्या लहान मुलांच्या सवयीला सामान्यतः ‘अंगठा चोखणे’ म्हणतात. बहुतेक मुले अंगठा पसंत करतात. काही तर्जनी, तर काही मधली दोन बोटे एकत्र चोखतात. चोखणी, स्वतःचा ओठ किंवा गोधडीचे टोक चोखणे या सवयीही याच प्रकारात मोडतात. तान्ह्या वयात ही क्रिया पूर्णपणे स्वाभाविक असते आणि दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बहुसंख्य मुले ती आपोआप सोडून देतात. चौथ्या वर्षानंतर टिकून राहिलेली आणि दिवसाचे अनेक तास चालणारी सवय मात्र दात, जबडा व बोट यांना अपाय करू शकते. ती सोडवण्यासाठी मोठ्यांची मदत लागते ती या टप्प्यावर.

चोखण्याची प्रतिक्षिप्त क्रिया जन्माआधीच सुरू झालेली असते. पंधराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भ अंगठा तोंडात नेताना सोनोग्राफीत दिसतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील पीटर हेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भावस्थेत अंगठा चोखताना पाहिलेल्या ७५ मुलांची १० ते १२ वर्षांच्या वयात पुन्हा तपासणी केली. पोटात उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ मुले उजखोरी निघाली, तर डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी निघाली (२००५). गर्भातले हे चोखणे म्हणजे आईच्या दुधावर जगायचे असलेल्या जिवाचा पूर्वसराव असतो. जन्मानंतर पहिल्या आठवड्यांत मूठ तोंडाकडे जाणे हे पुष्कळदा भुकेचे पहिले लक्षण असते, म्हणून तेव्हा आधी बाळाला पाजून पाहावे. पुढे हातावर ताबा आला की बाळाला अंगठा हवा तेव्हा सापडू लागतो, आणि झोप येणे, कंटाळा, थकवा, आई नजरेआड होणे अशा प्रत्येक प्रसंगी स्वतःला शांत करण्याचे ते त्याचे साधन बनते. दीर्घकाळ अंगावर दूध पिणाऱ्या मुलांमध्ये ही सवय कमी आढळते.

भारतीय परंपरेने या क्रियेकडे कौतुकाने पाहिले आहे. वडाच्या पानावर पहुडून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखणारा बाळकृष्ण मूर्तींत आणि देवघरातील तसबिरींत सर्वत्र दिसतो. महाभारतात मांधाता राजाच्या जन्माची कथा आहे : युवनाश्व राजाच्या कुशीतून जन्मलेल्या या मुलाला पाजणार कोण, असा प्रश्न पडला तेव्हा इंद्राने ‘मां धास्यति’ (हा मला पिईल) असे म्हणत आपली तर्जनी त्याच्या मुखात दिली आणि त्या उद्गारावरूनच मुलाचे नाव पडले. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकात या सवयीला दोषाचे रूप आले. बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ एस. लिंडनर यांनी १८७९ मध्ये मुलांच्या चोखण्यावर सविस्तर निबंध लिहिला आणि १९०५ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी त्याचाच आधार घेऊन या क्रियेत बालकाच्या लैंगिकतेचे आद्य रूप पाहिले. पुढील काही दशके पालकांच्या मनात धास्ती राहिली; बाळांचे हात बांधून ठेवण्याचे सल्ले दिले जात. आज अंगठा चोखणे ही मुख्यतः शिकलेली, आरामासाठीची सवय मानली जाते. ती असलेले मूल मानसिकदृष्ट्या अस्वस्थ असतेच असे नाही. सुटलेली सवय पाच-सहा वर्षांच्या वयात अचानक परत आली तर मात्र घरातले नवे भावंड, बदललेली शाळा, आजारपण किंवा घरातला तणाव यांचा विचार आधी करावा.

दातांवर व शरीरावर होणारे परिणाम. अपाय होतो की नाही हे चोखण्याचा जोर, वारंवारता आणि एकूण काळ यांवर ठरते, आणि त्यांत काळ सर्वांत महत्त्वाचा. दात हलण्यासाठी मोठा जोर लागत नाही. दिवसातून सुमारे सहा तास टिकणारा हलका दाब पुरेसा असतो. म्हणूनच झोपताना पाच मिनिटे जोरात चोखणाऱ्या मुलाचे दात सरळ राहतात आणि रात्रभर अंगठा नुसता तोंडात धरून झोपणाऱ्याचे पुढे येतात. अंगठा वरच्या पटाशीच्या दातांना बाहेर आणि खालच्यांना आत ढकलतो. दातांमध्ये तो अडसर होऊन बसल्याने पुढचे दात पुरते वाढत नाहीत आणि दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते. त्याच वेळी जीभ खाली दाबली जाते व गालांचे स्नायू आत ओढले जातात. वरच्या जबड्याला आतून जिभेचा आधार नाही आणि बाहेरून गालांचा दाब, अशा स्थितीत टाळू अरुंद होऊन वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागतात. समोरच्या फटीतून जीभ पुढे येण्याची सवय लागते; तिने ‘स’ आणि ‘चाक’, ‘झाड’ यांतील दंत्य वर्णांचे उच्चार अस्पष्ट होऊ शकतात. समोरचे कायमचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतात. त्याआधी सवय सुटली तर पुढची फट बहुधा आपोआप भरून येते. अरुंद झालेली टाळू मात्र तितक्या सहजपणे पूर्ववत होत नाही.

बोटावर घट्टा पडणे, कातडी ओली राहून सोलणे, नखुरडे होणे हे नेहमीचे त्रास आहेत. मातीतले जंतू व जंतांची अंडी आणि जुन्या रंगांच्या धुळीतले शिसे हातावाटे पोटात जाण्याचा धोकाही असतो. एक वेगळे निरीक्षणही येथे नोंदवले पाहिजे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, अंगठा चोखणाऱ्या किंवा नखे खाणाऱ्या मुलांमध्ये तेराव्या वर्षी त्वचाचाचणीत ॲलर्जीची प्रवृत्ती ३८ टक्के, तर इतरांमध्ये ४९ टक्के आढळली (२०१६). दमा व परागज्वर (परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी) यांत फरक दिसला नाही, आणि सवयीला उत्तेजन द्यावे असे संशोधकांनीही म्हटलेले नाही.

सवय सोडवणे. चार वर्षांखालील मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा काहीही न करणे हाच योग्य मार्ग असतो. हे पालकांना पटणे कठीण जाते, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा मुलाच्या तोंडातल्या अंगठ्याकडे बोट दाखवतो. ‘एवढा मोठा झालास तरी अंगठा?’, ‘बागुलबुवा बोट कापून नेईल’, ‘दादाकडे बघ’ अशा बोलण्याने सवय मोडत नाही. मूल खजील होते, ताण वाढतो आणि ताण शमवण्याचे त्याला ठाऊक असलेले साधन अंगठा हेच असते. शिवाय रागावणे हेही लक्ष देणेच आहे, आणि लक्ष मिळाले की सवय घट्ट होते. या वयात मुलाचे हात खेळण्यात, कणकेच्या गोळ्यात, चित्रे रंगवण्यात गुंतवावेत, झोप वेळेवर होऊ द्यावी आणि न बोलता अंगठा बाजूला होईल अशी संधी शोधावी, एवढे पुरते.

चार-पाच वर्षांनंतर मुलाच्या स्वतःच्या इच्छेशिवाय पुढचे उपाय सहसा टिकत नाहीत, म्हणून पहिले काम त्याच्याशी मोकळेपणाने बोलण्याचे. आरशात त्याला त्याचे दात दाखवावेत, अंगठ्यावरचा घट्टा दाखवावा आणि ‘तुला सोडायचा आहे का?’ असे विचारावे. उत्तर ‘नाही’ आले तर काही आठवडे थांबावे. होकार मिळाल्यावर आठवडाभर निरीक्षण करावे : अंगठा तोंडात केव्हा जातो? टीव्हीसमोर, शाळेच्या गाडीत, गोष्ट ऐकताना, की फक्त अंथरुणात? पुष्कळ मुलांत अंगठ्याला जोडीदार असतो. एका हाताचा अंगठा तोंडात आणि दुसऱ्या हातात आजीच्या लुगड्याची गोधडी, किंवा केसांची बट. अशा काही मुलांमध्ये जोडीदार वस्तू दूर केल्यावर अंगठाही सुटल्याचे वर्तनचिकित्सकांनी नोंदवले आहे. केस उपटणाऱ्या मुलांत अंगठा सुटल्यावर केस उपटणे थांबल्याचीही उदाहरणे आहेत. तरी गोधडी एकदम हिरावून घेऊ नये. ती आधी दिवसा व मग रात्री दूर करावी.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नेथन ॲझ्रिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘सवय-उलटवणी’ची पद्धत मांडली आणि १९८० मध्ये ती अंगठा चोखण्यासाठी वापरून पाहिली. अंगठा तोंडाकडे निघाल्याचे मुलाने स्वतः ओळखायचे आणि त्याच क्षणी मूठ घट्ट मिटून काही वेळ तशीच धरायची, हा तिचा गाभा. अंगठा मुठीच्या आत असला की तो तोंडात जाऊ शकत नाही, आणि मुठीचा खेळ वर्गातही कुणाच्या नजरेत न येता करता येतो. जोडीला बक्षीस ठेवावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अंगठ्याविना गेलेल्या दिवसाला एक टिकली चिकटवावी. सुरुवातीला दिवसातला एक तासच मोजला तरी चालतो. चुकलेल्या दिवसाची टिकली मिळत नाही, पण मिळालेली टिकली कधीही काढून घेऊ नये. बक्षीस खेळण्याचेच हवे असे नाही. बाबांबरोबर बागेत एक फेरी हेही चालते.

कडू चव लावण्याचा उपाय जुना आहे. आपल्याकडे कडुनिंबाच्या पाल्याचा रस किंवा कोरफड बोटाला लावतात. बाजारात मिळणाऱ्या कडू लेपांत बहुधा डेनाटोनियम बेन्झोएट हे अत्यंत कडू रसायन असते. मुलाला आधी सांगून, त्याच्या संमतीने आणि ‘अंगठा विसरून तोंडात गेला तर ही आठवण करून देईल’ या शब्दांत लावला तर कडू लेप उपयोगी पडतो. शिक्षा म्हणून झोपेत चोरून लावला तर मूल तो पुसून टाकायला शिकते. मिरचीची पूड वापरणे मात्र क्रूर व धोक्याचे आहे, कारण तोच हात डोळ्यांना लागतो.

रात्र सर्वांत चिवट असते, कारण झोपेत निश्चय कामाला येत नाही. सुती हातमोजा, सदऱ्याच्या बाहीला टोकाशी शिवून बंद करणे, किंवा कोपराभोवती सैलसर पट्टी गुंडाळणे हे उपाय केले जातात. पट्टीमुळे हात वाकायला किंचित अडथळा होतो आणि झोपेत अंगठा तोंडापर्यंत पोहोचत नाही. ती रक्तप्रवाह अडेल इतकी आवळू नये. येथेही मुलाने स्वतः मोजा चढवणे महत्त्वाचे. आजारपणात किंवा प्रवासात सवय काही दिवस परतते; त्याचा गवगवा न करता टिकल्या पुढे सुरू ठेवाव्यात.

एवढे करूनही समोरचे कायमचे दात येण्याच्या वेळी सवय चालू असेल तर बालदंततज्ज्ञाला दाखवावे. दाढांना बसवलेल्या कड्यांवरून वरच्या पुढच्या दातांमागे टाळूपाशी येणारी तारेची जाळी अंगठ्याचा टेकू व चोखण्याचा आनंद काढून घेते. दुसऱ्या एका उपकरणात टाळूपाशी छोटे फिरते रूळ बसवलेले असते आणि मूल अंगठ्याऐवजी जिभेने ते फिरवत राहते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात सहा चाचण्यांतील सुमारे २५० मुलांची माहिती होती. उपकरणे आणि मानसशास्त्रीय उपाय दोन्ही उपयोगी दिसले, मात्र पुराव्याचा दर्जा कमी होता. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळी येथील दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांवर उपचार होतात. पालघर येथून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील अंगणवाडी व शाळा तपासणीतही दातांचे दोष पाहिले जातात. जाळी बसवल्यावर पहिले काही दिवस बोलणे व खाणे अवघड जाते, याची कल्पना मुलाला आधी द्यावी. अंगठा सुटल्यावरही ती साधारण तीन ते सहा महिने तोंडात ठेवतात, कारण लवकर काढल्यास सवय परतण्याचा संभव असतो.