कोणतं भुयार कुणासाठी खोदलं होतं

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकाने जग उभं करायचं आणि बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन त्यात शिरायचं असा खेळ, जुन्या पद्धतीने खेळायचं ठरलं की कुणीतरी हमखास 'टूम ऑफ हॉरर्स' या छापील भुयाराचं नाव काढतं. ते सगळ्यांत गाजलेलं, म्हणून तेच आधी. मग दोन तासांत सगळी पात्रं मरतात आणि जुने खेळ म्हणजे निव्वळ छळ, असं मत करून मंडळी उठतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोष भुयाराचा नसतो. प्रत्येक जुनं साहस, म्हणजे खेळण्यासाठी आयतं लिहिलेलं भुयार, कुठल्या तरी विशिष्ट प्रसंगासाठी लिहिलेलं होतं. तो प्रसंग माहीत असला की निवड निम्म्याहून अधिक सोपी होते.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ टीएसआर कंपनीने काढला, तेव्हा तयार साहस असं काही त्यासोबत नव्हतं. आलेखाच्या कागदावर ज्याने त्याने आपलं भुयार आखायचं, हेच गृहीत होतं. पुढच्याच वर्षी 'ब्लॅकमूर' या पुरवणीत आर्नेसनचं 'टेंपल ऑफ द फ्रॉग' छापलं गेलं. १९७६ मध्ये 'वी वॉरियर्स' या बाहेरच्या छोट्या प्रकाशनाने 'पॅलेस ऑफ द व्हँपायर क्वीन' स्वतंत्रपणे विकायला काढलं. टीएसआर स्वतः या धंद्यात उतरली ती १९७८ मध्ये, आणि उतरताना हाताशी होतं ते साहित्य घेऊन. त्यातलं बरंचसं स्पर्धांसाठी लिहिलेलं होतं.

स्पर्धेत अनेक गट एकच भुयार, ठरावीक वेळात, आयती पात्रं घेऊन खेळतात. कोण किती पुढे पोचलं ते मोजायचं असतं. 'टूम ऑफ हॉरर्स' १९७५ च्या 'ओरिजिन्स' संमेलनात असंच खेळवलं गेलं आणि १९७८ मध्ये छापलं. त्यातला तो हिरवा राक्षसी चेहरा आठवा. भिंतीत कोरलेला, तोंड वासलेला, आत मिट्ट काळोख. त्या तोंडात जो शिरेल तो कायमचा नाहीसा. महिनोन्‌महिने वाढवलेलं पात्र तिथे गमावणं जिव्हारी लागतं. आयतं पात्र गेलं तर दुसऱ्या दिवशी त्याचे किस्से होतात. १९७९ च्या 'ओरिजिन्स'मधलं 'हिडन श्राइन ऑफ तामोआचान' तर विषारी वायूने भरलेलं आहे, म्हणजे घड्याळ भुयारातच बसवलेलं. छापील पुस्तकात गुण द्यायची पद्धतही आहे. मुंबईत रविवारी दुपारी जमणाऱ्या आणि विरार-कल्याणच्या गाड्यांकडे डोळा ठेवून उठणाऱ्या गटाला ही स्पर्धेची साहसं खरं तर फार छान बसतात. फक्त आपली लाडकी पात्रं तिथे न्यायची नाहीत.

शिकवण्यासाठी लिहिलेल्यांची गोष्ट वेगळी, आणि माझा जीव यांच्यातच अडकलेला आहे. माइक कारच्या 'इन सर्च ऑफ द अननोन'मध्ये खोल्यांची वर्णनं आहेत, पण राक्षस आणि खजिना बऱ्याच ठिकाणी कोरा सोडलाय. मागच्या यादीतून निवडून डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, जागा भरायच्या. एका दालनात चौदा कुंडं आहेत: एकात औषधी पाणी, एकात आम्ल, एकात दारू, एकात मासे. तिथे नवखे खेळाडू काठी बुडवून, नाणं टाकून, वास घेऊन बघायला लागतात आणि हा खेळ काय आहे ते त्यांना न सांगता कळतं.

त्यानंतर प्राथमिक संचाच्या खोक्यातून हजारो घरांत गेलं ते गायगॅक्सचं 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. एक गढी, जवळ एक घळ, घळीत वेगवेगळ्या टोळ्यांच्या गुहा. वरवर पाहता कत्तलखाना. पण नीट वाचा: गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, अडचणीत आले की चोरदरवाजातून शेजारच्या ओगरकडे, म्हणजे एका धिप्पाड राक्षसाकडे, अडीचशे सुवर्णमुद्रांची थैली फेकतात आणि तो मदतीला येतो. म्हणजे त्याहून जास्त देणाऱ्याचाही तो होऊ शकतो. टोळ्याटोळ्यांत वैरं आहेत, ती वापरायची असतात.

यामागे नियम होते. अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्याचे मिळत, राक्षस मारल्याचे फार थोडे. १९८१ च्या नियमांत मशाल तासभर, म्हणजे दहा-दहा मिनिटांच्या सहा फेऱ्या टिकते आणि दर दोन फेऱ्यांनी फासा टाकून भटका राक्षस येतो का ते बघतात. देवगिरीची अंधारी चढून गेलेल्या माणसाला उजेडाची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. हे हिशेब गाळून जुनं साहस खेळलं तर उरतात नुसत्या मारामाऱ्या. त्यामुळे साहस निवडताना नियमही सोबत निवडावे लागतात.

जेनेल जॅक्वेजने १९७९ मध्ये 'केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया'त नकाशाच बदलून टाकला. आत शिरायला अनेक वाटा, मजले एकमेकांत गुंतलेले, परतीचा रस्ता वेगळा. दर वेळी वेगळे चार जण येणाऱ्या गटाला यापेक्षा चांगलं भुयार मला माहीत नाही. १९८३ च्या 'रेव्हनलॉफ्ट'पासून आणि १९८४ च्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेपासून मात्र कथानकाचं वजन वाढत गेलं. त्यांत गोडी आहेच, पण तेच लोक पुन्हा पुन्हा यावे लागतात.

२००० साली खेळाचे नियम इतरांनाही वापरू देणारा खुला परवाना आला, २००६ मध्ये 'ऑस्रिक'ने त्या आधारे जुने नियम पुन्हा मांडले, २०१९ मध्ये 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स'ने १९८१ चे नियम वाचायला सोपे केले. टीएसआरची जुनी साहसं २०१३ पासून पीडीएफ रूपात पुन्हा विकत मिळू लागली, त्यामुळे आज नकाशा गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणता येतो.

अगदी नव्या गटासमोर मी यांतलं काहीच आधी ठेवणार नाही. २०१७ चं 'टूम ऑफ द सर्पंट किंग्ज' ठेवीन. फुकट आहे आणि शिकवण्यासाठीच लिहिलंय. त्यात एका दाराला जड दगडी अडसर आहे. तो उचलला की खालच्या खुंट्या वर येतात आणि छतातून दगडी हातोडा झुलत येतो. खुंट्यांकडे जो नीट बघेल तो वाचेल, फासा टाकायची गरज नाही. हे जमलं की मग गढी आणि ती घळ.