वीतभर जागेतलं दुखणं

रात्री साडेदहाला कॅज्युअल्टीत एकोणीस वर्षांची मुलगी आली. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलेली, उजवीकडे ओटीपोटावर हात दाबून धरलेला. दुपारपासून दोनदा उलटी. आईने आधी ओवा चावायला दिला, मग बेंबीभोवती हिंग लावला, मग गॅसची गोळी. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "उजवीकडे दुखतंय ना? अपेंडिक्सच ते." मग रिक्षा निघाली. मी मुलीला विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?" उत्तर आईने दिलं, "डॉक्टर, लग्न नाही झालेलं हो तिचं."

(दोन-तीन रुग्णांच्या हकिकती मिळून ही एक केली आहे, ओळख पुसून. आईचं वाक्य मात्र कुणा एकीचं नाही. ते आम्ही सगळेच ऐकतो.)

काकूंचं निदान तसं टाकाऊ नव्हतं. या वयात अचानक ओटीपोट दुखून ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते, त्यात अपेंडिक्सचा नंबर वरचाच. पण पुरुषाच्या पोटात उजवीकडे खाली संशयित मोजके असतात. बाईच्या पोटात त्याच वीतभर जागेत अपेंडिक्सच्या शेजारी उजवी ओव्हरी म्हणजे अंडाशय, गर्भनलिका, गर्भाशय, मूत्रनलिका आणि मूत्राशय अशी दाटी असते. त्यातून पोटातल्या अवयवांना आपला पत्ता नीट सांगता येत नाही.

अपेंडिक्सचंच घ्या. त्याच्या मज्जातंतूंचे निरोप मणक्यात ज्या पातळीवर पोचतात, तिथेच बेंबीभोवतीच्या कातडीचेही निरोप येतात. मेंदूला त्यातला फरक कळत नाही. म्हणून अपेंडिक्स सुजायला लागलं की आधी बेंबीपाशी मोघम दुखतं, जेवण नकोसं होतं. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. त्या अस्तराचे मज्जातंतू कातडीसारखेच नेमके असतात, त्यामुळे दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली ही जागा वर्णन केली. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक ते बेंबी अशी रेघ ओढायची आणि हाडाकडून एक-तृतीयांश अंतरावर बोट ठेवायचं. म्हणून "कुठे दुखतंय?" पेक्षा "सुरुवातीला कुठे दुखत होतं?" हा प्रश्न जास्त कामाचा.

आमच्या मुलीचं दुखणं सरकलंच नव्हतं. ते पहिल्यापासून उजवीकडे होतं, एकदम सुरू झालेलं, आणि कळा येत-जात होत्या. दुखायला लागलं तशीच उलटीही झाली. अपेंडिक्समध्ये बहुधा आधी दुखतं, उलटी मागून येते. ताप नव्हता. अपेंडिक्सचा अंदाज घ्यायला डॉ. आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ मध्ये दिलेली दहा गुणांची एक पद्धत आहे. दाबल्यावर दुखणं २, पांढऱ्या पेशी वाढलेल्या २, उलटी १, भूक नसणे १. झाले ६. म्हणजे 'असू शकेल'. त्या यादीत पाळीबद्दल किंवा गर्भाबद्दल एक अक्षर नाही. तरुण बायकांच्या बाबतीत ती फसते, त्यात मला काही नवल वाटत नाही.

मग आईला म्हटलं, "ताई, केसपेपर काढून आणता का?" नर्स मुलीजवळ थांबली. केसपेपर आधीच निघालेला होता, हे मी कबूल करतो.

अशा वेळी विचारायचे प्रश्न अवघड नसतात, अवघड असते ती ऐकणारी गर्दी. 'लग्न झालंय का?' हा प्रश्न आपल्याकडे 'शरीरसंबंध आलाय का?' याच्या जागी वापरला जातो, आणि दोन्हींची उत्तरं एकच असतात असं धरून चालतात. उत्तर काहीही मिळो, लघवीची गर्भतपासणी करायचीच. त्यात कुणाच्या चारित्र्याचा संबंध नाही. जिला पाळी येते आणि जिचं पोट दुखतंय, तिची ही तपासणी व्हायलाच हवी. थोडेसे रुपये आणि पाच मिनिटं लागतात.

ती चुकली तर काय होतं? साधारण शंभरात एक ते दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर रुजतात, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त गर्भनलिकेत. नळी गर्भाशयासारखी ताणू शकत नाही. सहा-आठ आठवड्यांच्या सुमाराला ती फुटू शकते आणि मग रक्त पोटात साठतं. फसवणूक अशी की मधे थोडं अंगावरून जातं, आणि बाई म्हणते, "पाळी आली की मला." त्यामुळे नुसती तारीख विचारून भागत नाही. नेहमीसारखीच आली होती का, हेही विचारावं लागतं. एखादी सांगते की आडवं पडलं की खांदा दुखतो. ते रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, लागलेलं असतं. श्वासपटलाचा मज्जातंतू निघतो मानेतून, म्हणून मेंदू खांद्याचा पत्ता लावतो. शिवाय तरुण शरीर रक्तदाब बराच वेळ सांभाळून धरतं आणि मग एकदम कोसळतं. रक्तदाब ठीक दिसला तरी नाडी पळत असेल, तर तिच्यावर विश्वास ठेवावा. हाच गर्भ लवकर सापडला, तर पुष्कळदा नुसत्या इंजेक्शनवर भागतं.

आमच्या मुलीची तपासणी निगेटिव्ह आली. संबंध आलेला नाही, असंही तिने सांगितलं. पण आई बाहेर असताना ती आणखी एक गोष्ट बोलली. तीन आठवड्यांपूर्वी हॉस्टेलवर, कबड्डीच्या सरावानंतर, असंच दुखलं होतं. तासाभरात थांबलं. घरी कळलं असतं तर खेळ बंद झाला असता, म्हणून गप्प राहिली.

येणारं, थांबणारं, पुन्हा येणारं दुखणं. इथे माझा संशय ओव्हरीकडे वळला. ओव्हरीत गाठ असेल तर ती जड होते आणि आपल्याच देठाभोवती फिरू शकते. पीळ पडला की आधी पातळ भिंतीच्या शिरा दबतात. रक्त आत येत राहतं, बाहेर जाऊ शकत नाही, आणि ओव्हरी फुगते. कधी पीळ आपणहून सुटतो. डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा वेढा जागा अडवून बसलेला असतो, त्यामुळे उजवीकडे पीळ जास्त पडतो. म्हणजे नेमका अपेंडिक्सच्या दारात.

वेदनाशामक इंजेक्शन आधी दिलं. निदान झाकलं जाईल म्हणून रुग्णाला तळमळत ठेवायची जुनी शिस्त होती. दुखणं कमी केल्याने निदान बिघडत नाही, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. मग सोनोग्राफी. उजव्या ओव्हरीत आठ सेंटिमीटरची गाठ. रेडिओलॉजिस्टने लिहिलं, 'रक्तप्रवाह दिसतो आहे.' इथे पुष्कळ जण निःश्वास सोडतात. पण ओव्हरीला रक्त दोन वाटांनी मिळतं. एक वाट दबली तरी दुसरीतून प्रवाह दिसू शकतो. प्रवाह दिसला म्हणजे पीळ नाही, असं म्हणता येत नाही.

बाकीचे संशयित एव्हाना मागे पडले होते. मुतखड्याचा रुग्ण एका जागी पडून राहत नाही, येरझाऱ्या घालतो. ही हलायला तयार नव्हती. गर्भाशय आणि नळ्यांच्या संसर्गात पुष्कळदा ताप असतो, वास येणारा स्राव असतो, बहुधा दोन्ही बाजूंना दुखतं. पाळीच्या मध्यावर बीज सुटताना दुखतं ते दिवसभरात निवळतं, आणि हिची पाळी तर पाच दिवसांवर आली होती.

मध्यरात्री दुर्बिणीतून पाहिलं. ओव्हरीला अडीच वेढे, रंग काळानिळा. पूर्वी असा रंग दिसला की ओव्हरी काढून टाकत. आता पीळ सोडवून ती जागेवर ठेवतात, कारण रंगावरून मेली वाटलेली ओव्हरी बहुतेक वेळा पुन्हा जगते. गाठ तेवढी काढली. आत मेणासारखी चरबी आणि केसांचा गुंता.

सकाळी आईने पहिला प्रश्न विचारला, "केस पोटात गेले कसे? लहानपणी वेणीचं टोक चावायची ती." गिळलेले केस तिथे पोचत नाहीत, हे त्यांना समजावलं. ज्या पेशीपासून बीज होतं, तिच्यात कातडी, केस, दात सगळं घडवायची क्षमता असते. कधी ती भलत्या वेळी, एकटीच कामाला लागते. आईने मान हलवली, पण वेणीवरचा संशय गेला असावा असं वाटलं नाही.

मुलीने मात्र आईदेखतच विचारलं, "कबड्डी कधीपासून?"

महिना-दीड महिना थांब म्हटलं. आई काही बोलली नाही.